खडा जात्यातला की यंत्रातला?



वसंतातल्या या संध्याकाळी आपण येथे मोठमोठे विषय ऐकत आला आहात. कोणी संतवाङ्मयावर बोलतो, कोणी राज्यघटनेवर, कोणी शेतीच्या अर्थकारणावर. त्यांच्या पंगतीत आमचा आजचा विषय अगदीच किरकोळ वाटेल. संगणकाला जोडलेल्या एका लहानशा पेटीतून गाणे ऐकताना मध्येच ‘टक्’ असा किंवा ‘फट्’ असा आवाज येतो. तो का येतो आणि कसा घालवावा, एवढाच हा विषय आहे. पेटी म्हटल्याबरोबर कोणाच्या डोळ्यांपुढे भाता आणि पट्ट्या आल्या असतील, तर त्यांनी त्या क्षणभर दूर ठेवाव्यात. ही पेटी तळहातावर मावते. संगणकाकडून आलेल्या आकड्यांचे ती विजेच्या लहरींत रूपांतर करते आणि त्या लहरी आपल्या कानाशी आवाज होऊन येतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘डॅक’ म्हणतात. आम्ही आपली पेटीच म्हणू. काही पेट्या उलटे कामही करतात, म्हणजे बाहेरचा आवाज आकड्यांत बदलून संगणकाला देतात. आमची पेटी अशी दुहेरी आहे, आणि सगळे रामायण तेथूनच सुरू झाले.

आमच्या शेजारी आक्का राहतात. वय ऐंशीच्या घरात. त्यांच्याकडे एक कॅसेट आहे. १९८६ सालच्या दिवाळीत त्यांच्या धाकट्या भावाने नवा टेपरेकॉर्डर आणला आणि आई पहाटे दळायला बसली असताना गुपचूप तो जात्याशेजारी ठेवला. आई ओव्या म्हणत होती. पुढे दोन वर्षांनी ती गेली. तिचा फोटो एकच, आणि आवाज या कॅसेटमध्ये तेवढा. आक्कांनी ती आमच्याकडे आणून दिली आणि म्हणाल्या, “भाऊ, नातवंडांच्या फोनवर वाजेल असं काहीतरी करून द्या.”

आम्ही करून दिले. कॅसेट वाजवली, पेटीतून संगणकात घेतली आणि आक्कांना बोलावून ऐकवली. जात्याची घरघर सुरू झाली, तिच्यावर आईचा आवाज चढला, आणि आक्कांनी पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात ‘टक्’. पुन्हा थोड्या वेळाने ‘टक्’. आक्कांनी मान वर केली. “भाऊ, माझ्या आईनं जात्यात कधी खडा येऊ दिला नाही. दळणाआधी दाणे दोनदा निवडायची. हा खडा तुमच्या यंत्रातला.”

आम्ही ओशाळलो. कारण दुसऱ्यांदा वाजवून पाहू म्हणावे, तर कॅसेटची अवस्था नाजूक होती. फितीला यंत्राच्या डोक्याशी टेकवून धरणारी नमद्याची बारीक गादी सुटत आली होती आणि एका वाजवण्यातच तपकिरी भुकटी डोक्यावर जमली होती. ती भुकटी म्हणजे फितीवरचा चुंबकीय थर. म्हणजे आवाजच झडत होता म्हणा ना. आणखी एकदाच वाजवण्याची आमची छाती होती. तेव्हा त्याआधी खडा कोठला, हे ठरवणे भाग होते.

ते ठरवायचे तर आधी या पेटीत काय चालते ते समजून घेतले पाहिजे. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कपासून आवाज आकड्यांत मांडण्याचे एक परिमाण रूढ झाले. आवाजाची लहर दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवायचे. या प्रत्येक मापाला नमुना म्हणतात. ऐकताना हेच नमुने त्याच क्रमाने, त्याच वेगाने पुन्हा वाजवायचे. यात ‘त्याच वेगाने’ हे शब्द महत्त्वाचे. आकडे बरोबर असून भागत नाही; ते वेळेवर आले पाहिजेत. तबलजीची सम चुकल्यावर ती त्याने मागाहून दिली, तर तिचा काय उपयोग?

आता संगणक हा स्वभावाने वक्तशीर प्राणी नाही. एकाच वेळी तो दहा कामे हाती धरतो. थोडे याचे करतो, थोडे त्याचे करतो. आवाजाचे नमुनेही तो असेच घोटाघोटाने देतो. पेटीला मात्र अखंड धार हवी. ही सांगड कशी घालायची?

आपल्यापैकी वडील मंडळींनी मोट पाहिली असेल. मोट विहिरीतून वर येई आणि भस्सकन थारोळ्यात रिकामी होई. ती येई तशी थांबून थांबून, पण थारोळ्यातून पाटाला लागलेले पाणी सलग वाहत राही. संगणकातही असे थारोळे असते. त्याला बफर म्हणतात. मोटकरी विडी ओढायला थांबला आणि थारोळे आटले, म्हणजे पाटाची धार तुटते. बफर आटला की आवाजाची धार तुटते. लहर जेथे असेल तेथून एकदम शून्यावर कोसळते, ध्वनिवर्धकाच्या पडद्याला हिसका बसतो, आणि आपल्याला ‘टक्’ असे ऐकू येते. तुटलेली धार म्हणावी तर एखाद्या सेकंदाचा शतांशही नसतो. पण कान फार चिकित्सक असतो. त्याला आवाजाचा अभाव एक वेळ चालतो, एकाएकी पडलेला कडा चालत नाही.

कोणी विचारील, एखादा घोट वाटेत सांडला तर पेटी तो पुन्हा का मागून घेत नाही? संगणकातून पेनड्राइव्हवर फाइल उतरवताना चूक झाली तर तो भाग पुन्हा पाठवला जातो, हे खरे. तेथे घाई नसते. पण यूएसबीच्या तारेतून आवाज पाठवण्याची रीत निराळी आहे. तिच्यात ठरावीक काळाने ठरावीक जागा राखून ठेवलेली असते, आणि पाठवलेला घोट बिघडला तर तो पुन्हा पाठवण्याची सोयच ठेवलेली नाही. उशिरा आलेला नमुना हा चुकलेल्या समेसारखा, म्हणून तो सोडूनच देतात. तात्पर्य, या रस्त्यावर वक्तशीरपणा ही एकच शिस्त आहे.

दुसरे भांडण घड्याळांचे. संगणकाचे घड्याळ वेगळे, पेटीचे वेगळे. यूएसबीच्या मूळ पद्धतीत एक मिलिसेकंद हा एक हप्ता. ४४,१०० ला हजाराने भागले तर ४४.१ येतात; नमुन्याचा दशांश तर पाठवता येत नाही. मग काय करतात? नऊ हप्त्यांत ४४ नमुने आणि दहाव्यात ४५. आपण चांद्रवर्ष आणि सौरवर्ष यांचा मेळ घालायला अधिक महिना घालतो, त्यातलाच हा प्रकार. हिशेब ठरलेला असला की तंटा नाही. पण दोन स्फटिकांची घड्याळे अगदी तंतोतंत चालत नाहीत. समजा, दोहोंत दहा लाखांत पन्नास भागांचा फरक आहे. तासाला तो जेमतेम पावणेदोन दशांश सेकंद भरेल. मनगटावरच्या घड्याळात तो आपल्या लक्षातही येणार नाही. येथे मात्र सेकंदाला दोनाहून थोडे अधिक नमुने कमी किंवा जास्त होतात, आणि ५१२ नमुन्यांचे थारोळे चार मिनिटांच्या आतच रिते होते. बऱ्याच चांगल्या पेट्या यावर तोड म्हणून आपले घड्याळ प्रमाण मानतात आणि ‘आता थोडे जास्त पाठव, आता थोडे कमी’ असे संगणकालाच कळवत राहतात. जेथे ही तोड नीट चालत नाही, किंवा दोन यंत्रे डिजिटल तारेने जोडून दोघांनाही यजमानपद दिलेले असते, तेथे ठरावीक अंतराने टक् टक् होत राहते. ठोके नियमित असतील तर संशय घड्याळावर घ्यावा आणि एकाच यंत्राचे घड्याळ सर्वांना लावून द्यावे. ठोके वाटेल तेव्हा येत असतील तर संशय थारोळ्यावर घ्यावा.

एवढी विद्या जवळ घेऊन आम्ही कामाला लागलो, असे सांगता आले असते तर बरे झाले असते. प्रत्यक्षात आधी आम्ही बाजारात गेलो आणि सोन्याचा मुलामा दिलेली महागडी तार घेऊन आलो. ती लावली. टक् टक् पूर्ववत. आकडे तारेतून धड पोचतात तरी किंवा बिघडतात तरी. धड पोचलेल्या आकड्यांना सोन्यामुळे काही अधिक गोडी येत नाही. तार तुटकी किंवा सैल असेल तर ती जरूर बदलावी, लांबही फार नसावी. पण आमची जुनी तार निरोगी होती. दोष कोठे आहे ते न पाहता औषध घेतले की असे होते.

मग आम्ही वही-पेन्सिल घेऊन बसलो. पहिली दहा मिनिटे तीनदा ऐकली, आणि प्रत्येक ‘टक्’ कोणत्या मिनिटाला, कोणत्या सेकंदाला आला ते टिपले. तीन रकाने शेजारीशेजारी मांडल्यावर अर्धा उलगडा झाला. चार ठोके तिन्ही वेळा नेमक्या त्याच जागी आले होते. बाकीचे भटके होते. दर खेपेला नव्या जागी. याचा अर्थ असा की, भटके ठोके ऐकण्याच्या वाटेवर पडत होते. आकड्यांत ते नव्हतेच. स्थिर चार मात्र आकड्यांतच उतरलेले होते. मग ते फितीवरच होते, की फीत उतरवताना पडले? पेटी दोन्ही दिशांनी तीच, संगणक तोच. ऐकताना जो धार तोडतो, तो घेतानाही तोडणारच. ऐकताना तुटली तर पुन्हा ऐकता येते. घेताना तुटली तर तेवढी आई कायमची गेली.

आपल्या घरी अशी तक्रार असेल तर ही पहिली परीक्षा जरूर करावी. तिला खर्च नाही. ठोका जागचा हलत नसेल तर पेटीला आणि संगणकाला दोष देण्यापूर्वी मूळ ध्वनिमुद्रणाकडे पाहावे.

दुसरी परीक्षा अदलाबदलीची. तीच पेटी आम्ही पुतण्याच्या संगणकाला लावली. तासभर एकही ठोका नाही. म्हणजे पेटी निर्दोष. आमच्या संगणकाला ती पुन्हा लावली, ठोके हजर. आता शोध आमच्या घरापुरता उरला. येथे आम्ही एक नियम घालून घेतला, आणि या व्याख्यानातून आपण एकच गोष्ट घरी नेणार असाल तर ती ही न्यावी: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दहा मिनिटे ऐकायचे, वहीत लिहायचे, मगच दुसरी. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज थांबला, तर काय केल्याने थांबला हे कळत नाही. आणि महिन्याने तो परत आला की आपण पुन्हा पहिल्या पायरीवर.

प्रथम आम्ही जोडणी पाहिली. पेटी एका हबमध्ये होती. त्याच हबवर माउस, बाहेरची हार्ड डिस्क आणि मोबाइलचे चार्जिंग. साध्या यूएसबी २ च्या खाचेतून प्रमाणाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर वीज मिळते, आणि स्वतःची वीज नसलेला हब तेवढ्यातच सर्वांना वाटून देतो. एका ताटात चौघे जेवायला बसवल्यासारखे ते होते. पेटी काढून थेट संगणकाच्या खाचेत लावली. ठोके कमी झाले, गेले नाहीत.

दुसरी गोष्ट थारोळ्याची. पेटीबरोबर आलेल्या नियंत्रण-पटात बफर १२८ नमुन्यांवर होता. १२८ नमुने म्हणजे तीन मिलिसेकंदांहूनही कमी; मोटकऱ्याला घाम पुसायचीही सवड नाही. आम्ही तो ५१२ केला, म्हणजे साडेअकरा मिलिसेकंदांच्या वर. कोणी म्हणेल, मग एकदम मोठाच का ठेवू नये? थारोळे मोठे केले की पाणी पिकापर्यंत पोचायला उशीर लागतो. स्वतः गात असताना आपलाच आवाज कानातल्या यंत्रातून ऐकणाऱ्या गायकाला तो उशीर जाचतो. त्याने बफर लहान ठेवावा आणि संगणकावरची इतर कामे बंद करावीत. नुसत्या श्रोत्याला मात्र उशिराशी कर्तव्य नाही. ठोके आणखी कमी झाले. पण दर काही मिनिटांनी एखादा चोरट्यासारखा यायचाच.

तिसरी गोष्ट मोटकऱ्याची. एवढे थारोळे असूनही ते आटते, म्हणजे कोणीतरी मोटकऱ्याला अडवून धरतो आहे. असा अडवणारा ओळखायला ‘लेटन्सीमॉन’ नावाचा एक प्रोग्राम विंडोज संगणकांसाठी मिळतो. आवाजाच्या कामाला कोणत्या ड्रायव्हरने किती वेळ ताटकळत ठेवले, याची तो नावानिशी यादी देतो. आमच्या यादीत वरचे नाव वाय-फायच्या ड्रायव्हरचे निघाले. वाय-फाय बंद केले आणि ऐकत बसलो. दहा मिनिटे झाली, वीस झाली, आणि जात्याच्या घरघरीखेरीज काही नाही. पुढे त्या ड्रायव्हरची नवी आवृत्ती घातल्यावर वाय-फाय चालू ठेवूनही भागले. कोठे वाय-फाय अपराधी निघेल, कोठे चित्रपटलाचा ड्रायव्हर. नावे बदलतात, अडवणूक तीच.

आणखी दोन-तीन कारणे आमच्याकडे नव्हती, पण आपल्याकडे असू शकतील, म्हणून सांगतो. ठोका फक्त गाणे सुरू होताना किंवा संपताना येत असेल, तर संगणक वीज वाचवण्यासाठी पेटीला झोपवतो आहे आणि दचकून उठवतो आहे असे समजावे. विजेच्या मांडणीत ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ अशी एक सोय असते. ती बंद करावी. एका गाण्याकडून दुसऱ्याकडे जाताना येत असेल, तर एक गाणे ४४,१०० चे आणि दुसरे ४८,००० चे असण्याचा संभव आहे. वेग बदलताना काही पेट्या ठोका देतात. संगणकाचा वेग एका आकड्यावर कायम करावा; मॅक संगणकावर हे ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये होते. आणि फ्रिज चालू-बंद होताना ठोका येत असेल किंवा मागे सतत गुणगुण असेल, तर दोष आकड्यांत शोधू नये. तो घरच्या वायरिंगमध्ये किंवा अर्थिंगमध्ये आहे. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, तेव्हा ती गुणगुण ५० किंवा १०० आवर्तनांची असते. तेथे तारतंत्री बोलवावा, संगणकतज्ज्ञ नव्हे.

असो. आता कॅसेट. यंत्र निर्दोष झाले एवढ्यावर विसंबून आम्ही आक्कांची फीत लावली नाही. आधी घरातली एक टाकाऊ कॅसेट तासभर उतरवली आणि वही घेऊन सगळी ऐकली. एकही खंड नाही. मग फितीची चाके नव्या कवचात बसवली, कारण कवचाबरोबर गादीही नवी मिळते. बफर १,०२४ केला, वाय-फाय बंद, इतर सारे बंद. आवाजाची पातळी वर खूप मोकळी जागा राहील अशी ठेवली. कारण मापाच्या शेवटच्या पायरीपलीकडे लहर गेली तर तिचा माथा छाटला जातो आणि तेथेही फटका ऐकू येतो. मग देवाचे नाव घेऊन कळ दाबली आणि पाऊण तास खोलीत कोणी हललो नाही.

दुसऱ्या दिवशी जुन्या वहीतल्या चार जागा ताडून पाहिल्या. तीन जागी आता आवाज सलग होता. एका जागी तर पहिल्या खेपेला गिळला गेलेला शब्दाचा शेवट स्वच्छ ऐकू आला. चौथ्या जागी मात्र ‘टक्’ कायम.

आम्हाला वाईट वाटले. ठोके पुसून काढणारे प्रोग्राम असतात. ते आजूबाजूची लहर पाहून मधला खळगा अंदाजाने भरतात. तो एक ठोका पुसून टाकावा असे मनात येऊन हात कळीपर्यंत गेलाही होता. पण म्हटले, आधी आक्कांना विचारावे. त्या आल्या, ऐकत बसल्या. ती जागा आली, ‘टक्’ झाले, आणि त्या हसल्या.

“ही बांगडी,” त्या म्हणाल्या. “हात बदलताना खुंट्यावर आपटायची तिची. बाबा म्हणायचे, फुटेल एखाद्या दिवशी.”

आम्ही तो ठोका तसाच ठेवला.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी एखादी कॅसेट ट्रंकेत पडलेली असेल. कोणाच्या वडिलांचे कीर्तन, कोणाच्या आजीची कहाणी. ती उतरवून घ्या, लवकर घ्या, पण त्याआधी आपले यंत्र तपासून घ्या. फीत बिचारी दुसरी संधी देईलच असे नाही. आणि उतरवल्यावर टक् ऐकू आले, तर पुसण्याची घाई करू नका. खडा यंत्रातला असेल तर तो शोधून काढता येतो, हे आज आपण पाहिले. पण तो जात्यातला असेल, तर त्याला हात लावण्यापूर्वी घरातल्या एखाद्या आक्कांना विचारा.